रोल्स बंद पडत नाही म्हणे!

जुन्या मोटारींच्या या सदराला येणारी निम्मी पत्रं सुट्या भागांची असतात. अमक्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर कॅप कुठे मिळेल, तमक्या गाडीची काच कोण कापून देईल, असं. या खेपेला मात्र पत्रांचा सूर निराळा होता. मोठ्या नावाच्या गाड्या खरंच तेवढ्या भरवशाच्या होत्या, की तो सगळा नावाचा दबदबा, हे जवळजवळ प्रत्येकाने आपापल्या परीने विचारलंय. काही पत्रं थोडी कापली आहेत. नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे आजोबा सांगत, की रोल्स-रॉइसचं बॉनेट कंपनी सील करून देई, कारण ते उघडायची वेळच येत नसे. आणि चुकून गाडी बंद पडलीच, तर कंपनी गुपचूप माणूस पाठवून दुरुस्त करी आणि नंतर असं काही घडलंच नाही म्हणे. यात खरं किती? (धंतोली, नागपूर)

उत्तर : सीलची गोष्ट मी स्वतः किमान पन्नास जणांकडून ऐकली असेल. ती खोटी आहे. कंपनी गाडीबरोबर भलंमोठं माहितीपुस्तक देई. कुठल्या सांध्याला रोज तेल द्यायचं, कुठल्या सांध्याला आठवड्याने, याची त्यात जंत्री असे. बॉनेट उघडायचंच नसतं, तर हे पुस्तक कशाला दिलं असतं? इतकंच नाही, शोफरना शिकवायला कंपनीने इंग्लंडमध्ये शाळाच काढली होती. मालकाचा ड्रायव्हर तिथे जाऊन गाडी खोलायला आणि जोडायला शिकून येई.

पण नाव फुकट झालेलं नव्हतं, हेही तितकंच खरं. १९०७ साली ‘सिल्व्हर घोस्ट’ या गाडीची १५,००० मैलांची चाचणी झाली. लंडन ते ग्लासगो या रस्त्यावर फेऱ्यांवर फेऱ्या, विश्रांती फक्त रविवारी, आणि रॉयल ऑटोमोबाइल क्लबचा निरीक्षक कायम गाडीत बसलेला. या सगळ्या प्रवासात गाडी आपणहून एकदाच थांबली, ६२९ व्या मैलाला. कारण काय, तर हादऱ्यांनी पेट्रोलचा नळ आपोआप बंद झाला होता. नळ उघडला, गाडी निघाली, आणि पुढचे १४,३७१ मैल थांबली नाही. नंतर क्लबने गाडी पूर्ण खोलली आणि झिजलेला प्रत्येक भाग नव्याच्या मापाला आणायला लावला. त्या भागांचं बिल झालं दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स. टायरांवर झालेला खर्च याच्या कितीतरी पट होता.

याचा आपल्याकडचा धागा फारसा कुणाला ठाऊक नसतो. पुढच्याच वर्षी, १९०८ साली, ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची सिल्व्हर घोस्ट मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली. ६२० मैल आणि सहा घाट. रस्ता डांबरी नव्हताच, होता तो खडीचा आणि धुळीचा. गाडी जिंकली, आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली. हिंदुस्थानच्या संस्थानिकांत रोल्सचं नाव झालं, त्याची सुरुवात अशी आपल्या सह्याद्रीच्या चढणीवर झालेली आहे. सील केलेल्या बॉनेटपेक्षा ही गोष्ट सांगण्यासारखी नाही का?

आता आजोबांच्या गोष्टीतला खरा अंश. इंग्रज मेकॅनिकांत एक जुनी थट्टा आहे. रोल्स कधी ‘बंद पडत’ नाही, ती फक्त ‘पुढे जायला नकार देते’. माझ्या अनुभवात हा नकार इंजिनाकडून क्वचितच येतो. तो येतो पेट्रोलच्या नळीतून, एखाद्या सुटलेल्या वायरीतून, कंडेन्सरमधून, म्हणजे त्या ६२९ व्या मैलाच्या नळासारख्याच दोन आण्याच्या भागातून. सिल्व्हर घोस्टचं सात लिटरचं इंजिन इतकं सावकाश फिरतं, की त्याला मरायला कारणच मिळत नाही. मरतात ती बाजूची माणसं. ज्याने सकाळी सहाला उठून तेलाची पिचकारी घेऊन साठ सांधे ओले करायचे, तो ड्रायव्हर गेला, की त्याच्या मागोमाग गाडीचा भरवसाही जातो.

आणि सगळ्या रोल्स एकाच माळेचे मणी नव्हेत. १९३६ ची फँटम-थ्री बघा. बारा सिलिंडर, चोवीस प्लग, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, त्यात हायड्रॉलिक टॅपेट. तेलात जराशी घाण गेली, की टॅपेट अडकतात. म्हणून शेवटच्या काळातल्या गाड्यांना कंपनीने साधे टॅपेट घातले. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला साधं नळाचं पाणी घालून वर्षानुवर्षं उभी केलेली फँटम-थ्री कुणी फुकट दिली, तरी घेऊ नका. त्यापेक्षा तिच्या आधीची, १९२० च्या दशकातली छोटी ट्वेंटी हॉर्सपॉवर घ्या. रुबाब कमी, पण तुमच्या आमच्या हातात मावते.

प्रश्न : महालातल्या एका दलालाने मला ‘भोसले दरबाराची रोल्स’ दाखवली. किंमत फार मोठी सांगतो. कागदपत्रं म्हणजे एक फोटो आणि एक जुनी पावती. घ्यावी का? (सक्करदरा, नागपूर)

उत्तर : दरबाराची? तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. कार्ल बेंझच्या तीनचाकी मोटारीचं पेटंट १८८६ चं. म्हणजे दरबार संपला आणि तीस-बत्तीस वर्षांनी मोटार जन्माला आली. भोसले घराणं राहिलं, महालात मान राहिला, त्यामुळे त्या घराण्यात कधी एखादी चांगली गाडी आली असेलही. पण ‘दरबार’ हा शब्द ऐकला, की किमतीतले दोन शून्य आधी बोटाने झाकून पाहावेत. नागपुरात चांगल्या गाड्या होत्या त्या मुख्यतः मध्य प्रांताच्या सरकारी बड्या लोकांकडे, मालगुजारांकडे, गिरणीवाल्यांकडे, मँगनीजच्या व्यापाऱ्यांकडे आणि मोठ्या बॅरिस्टरांकडे. त्यांच्या गाड्याही चांगल्याच होत्या. त्यांना राजघराण्याचं बिरूद चिकटवायची काही गरज नाही.

आता कामाचं. फोटो आणि पावती बाजूला ठेवा. चेसिस नंबर बघा. रोल्सच्या बाबतीत तो बॉनेटखाली फायरवॉलवरच्या पट्टीवर असतो, आणि चेसिसवरही ठोकलेला असतो. दोन्ही ठिकाणी कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसा घ्या. रोल्स आणि जुन्या बेंटलीच्या प्रत्येक चेसिसची कार्डं इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबच्या संग्रहात जपलेली आहेत. गाडी कुणी मागवली, बॉडी कुणी बांधली, कुठे पाठवली, कोणते खास बदल करून घेतले, हे सगळं त्या कार्डावर असतं. पट्टीवरचा नंबर, चेसिसवरचा ठसा आणि कार्डावरचा नंबर एकमेकांशी जुळले, तर बोलणी सुरू करा. पट्टी नवी दिसत असेल आणि तिच्याभोवतीचे रिव्हेट चमकत असतील, तर चहा पिऊन उठा.

एक सवयीचं निरीक्षण सांगतो. खोट्या गोष्टी बहुधा मालकाबद्दल असतात, गाडीबद्दल नसतात. ‘महाराज हिच्यात बसून शिकारीला जायचे’ हे सांगणारा माणूस ‘हिचं गिअरबॉक्स कधी खोललं होतं’ याचं उत्तर देत नाही. दलालाला दुसरा प्रश्न आधी विचारा.

प्रश्न : अलवरच्या महाराजांनी अपमानाचा सूड म्हणून रोल्स-रॉइसवर कचरा उचलायला लावला, ही गोष्ट खरी का? आमच्या गटात यावरून वाद झाला. (सदर, नागपूर)

उत्तर : वाद मिटवायचा असेल, तर दोन्ही बाजूंना विचारा, की राजा कोण होता. एक म्हणेल अलवर, दुसरा भरतपूर, तिसरा पटियाला, चौथा थेट निझाम. एकाच गोष्टीत राजा बदलत राहिला, की ती बातमी नसते, लोककथा असते. त्या काळातला कागदी पुरावा आजवर कुणी पुढे केलेला नाही. अलवरच्या जयसिंहांच्या गाड्यांबद्दल खऱ्या गोष्टी कमी विचित्र नाहीत. त्यांनी १९२४ साली लँचेस्टर कंपनीकडून राजेशाही घोड्याच्या बग्गीच्या आकाराची मोटार करून घेतली होती. ती आजही आहे.

प्रश्न : मी कापसाच्या व्यापारात आहे. एक जुनी गाडी घेऊन ती चालवायची इच्छा आहे, नुसती झाकून ठेवायची नाही. १९३० च्या दशकातली इंग्लिश भारी गाडी घ्यावी की अमेरिकन ब्युइक? आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. शिवाय हल्लीच्या पेट्रोलने जुन्या गाड्या बिघडतात म्हणतात. (अमरावती)

उत्तर : चालवायचीच असेल, तर ब्युइक. डोळे झाकून. मला इंग्लिश गाड्यांचं प्रेम आहे, पण हा निकाल देताना मी ते बाजूला ठेवतो. ब्युइकचं आठ सिलिंडरांचं सरळ रांगेतलं इंजिन, डोक्यावर व्हॉल्व्ह, १९३१ पासून. अमेरिकेत ते असंख्य बनलं, त्यामुळे सुटे भाग आजही परदेशातून मिळतात. त्या गाड्या अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या रस्त्यांसाठी बनल्या होत्या, म्हणजे आपल्यासाठीही. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून गाड्यांची जुळणी सुरू केली. आपल्याकडे इतकी शेव्हरले आणि ब्युइक आली, ती उगाच नाही.

उन्हाचं म्हणाल, तर मे महिन्यात नागपूर-अमरावतीला पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा रेडिएटरपेक्षा पेट्रोल जास्त त्रास देतं. गाडी गरम झालेली, तुम्ही टपरीवर चहाला थांबलात, इंजिन बंद केलं. आता पंखा फिरत नाही, वारा नाही, आणि इंजिनाची सगळी आग बॉनेटखाली कोंडते. पंपात आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल उकळतं, नळीत बुडबुडे होतात. तुम्ही परत येऊन सेल्फ मारता, ती फिरते, फिरते, आणि चालू होत नाही. लोक म्हणतात, गाडी बिघडली. बिघडलेलं काहीच नसतं. पंपावर ओलं फडकं टाका, बॉनेटचं झाकण एका बाजूने उघडा, दहा मिनिटं थांबा. थांबायच्या आधी दोन मिनिटं गाडी जागेवर सावकाश चालू ठेवली, तर हा प्रसंगच येत नाही. पेट्रोलच्या नळीवर लाकडी चिमटे लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी फार काही होत नाही. कपडे मात्र वाळत नाहीत.

पूर्वीच्या काही इंग्लिश गाड्यांत पंपाऐवजी ‘ऑटोव्हॅक’ असे. इंजिनाच्या ओढीने मागच्या टाकीतून पेट्रोल पुढच्या छोट्या डब्यात येई आणि तिथून वजनाने खाली उतरे. घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवला, की इंजिनाची ओढ कमी होते आणि डबा रिकामा व्हायला लागतो. जुना ड्रायव्हर चिखलदऱ्याच्या चढावर मध्येच क्षणभर पाय उचले. पोरांना वाटे, आजोबा दमले. आजोबा डबा भरून घेत असत.

आता हल्लीचं पेट्रोल. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. खात्री करायची असेल, तर मोजमापाची काचेची नळी घ्या. शंभर मिली पेट्रोल, त्यात दहा मिली पाणी, बूच लावून हलवा, मग शांत ठेवा. हे अंगणात, विडी-सिगारेट लांब ठेवून करायचं. इथेनॉल पाण्याला जाऊन मिळतं. तळाचा थर दहाच्या जागी पंचवीस-तीसपर्यंत वाढलेला दिसेल. तेच इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, जुनी रबरी नळी मऊ करतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज सोडवून फिल्टरात आणतं. आणि ते लाखेला विरघळवतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण जुन्या अनेक अमेरिकन कार्ब्युरेटरांत पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग बुचाच्या लाकडाचा असतो आणि त्यावर लाखेचं पॉलिश असतं.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक गाडी अशीच आली. तक्रार एकच, जागेवर चालू असताना कार्ब्युरेटर ओसंडतो, बॉनेटखाली पेट्रोलचा वास. मालकाने नवी सुई घातली, नवी सीट घातली, दोनदा. वाटी उघडली तर बुचाचा तो तुकडा तळाला बसलेला. हाताने उचलला, तर पाव भिजावा तसा जड. पॉलिश पार गेलेलं, बोटाला तपकिरी चिकट लागत होतं. दोन दिवस उन्हात वाळवला, वर फेविक्विकसारख्या गोंदाचे तीन पातळ थर दिले, आणि बशीत पेट्रोल घेऊन त्यात सोडला. सकाळी पाहिलं तर तसाच वर तरंगत होता. माझा मिस्त्री पेट्रोलची बशी बघून म्हणाला, ‘‘राजेहो, गाडी चांगलीच होती, फक्त बूच दारू पिऊन बुडलं होतं.’’ तो माणूस पंचवीस वर्षं माझ्याबरोबर आहे आणि वर्षातून असं एखादं वाक्य बोलतो.

तुम्ही गाडी घेतली, की सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, बुचाचा भाग असेल तर पितळी बसवा, टाकीत जुनं पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नका. ऑक्टेनची चिंता नको. त्या काळातल्या इंजिनांचं कॉम्प्रेशन इतकं कमी, की आजचं सगळ्यात साधं पेट्रोलही त्यांना पुरून उरतं. शिशाचीही चिंता नको. आपल्याकडे बिनशिशाचं पेट्रोल २००० सालापासून सगळीकडे आहे आणि युद्धापूर्वीच्या मंद इंजिनांच्या व्हॉल्व्हना त्याने काही झालेलं मी पाहिलेलं नाही. पेट्रोलमध्ये शिसं मिसळायला सुरुवातच मुळी १९२३ ची. त्याआधीच्या गाड्या बिनशिशानेच धावत होत्या.

बॅटरी बदलताना एक लक्षात ठेवा. अनेक इंग्लिश गाड्यांत, आणि काही अमेरिकनांतही, बॅटरीचा पॉझिटिव्ह चेसिसला जोडलेला असतो. नेहमीच्या सवयीने उलटी जोडली, तर डायनॅमोची दिशा बिघडते आणि दोष गाडीच्या नावावर जातो.

प्रश्न : कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार बघितली. इतकी जुनी जर्मन गाडी एवढ्या गर्दीत न तापता कशी चालते? मर्सिडीजसारखी ती विश्वसनीय आहे का? (मूळ कोल्हापूर, आता मनीषनगर, नागपूर)

उत्तर : मेबॅक कंपनी मूळची विमानांच्या इंजिनांची. झेपेलिन या जर्मन हवाई जहाजांना त्यांची इंजिनं असत. १९२१ ते १९४१ या काळात त्यांनी मोटारी बनवल्या, त्याही जेमतेम अठराशे. मालकाची मर्जी सांभाळत एकेक. त्यांच्या ‘एसडब्ल्यू ३८’ नावाच्या मॉडेलचं इंजिन ३.८ लिटरचं, सहा सिलिंडरांचं, १४० अश्वशक्तीचं होतं. गिअर बदलायला क्लच न दाबता काम होईल अशी निम-स्वयंचलित व्यवस्था. मिरवणुकीच्या पायीच्या वेगात ही सोय ड्रायव्हरच्या डाव्या पायाला मोठा आराम देते.

न तापता चालते, याचं कारण मात्र जर्मनीत शोधू नका. एवढ्या दुर्मीळ गाडीचे भाग दुकानात मिळत नाहीत. ती चालते ती एका घराने ती वर्षानुवर्षं काढून, पुसून, फिरवून जिवंत ठेवली म्हणून. वर्षातून एकदाच दसऱ्याला काढली असती, तर दसऱ्याच्या सकाळी ढकलावी लागली असती. मर्सिडीजशी तुलना नको. मर्सिडीज विश्वसनीय असते, मेबॅक सांभाळलेली असते.

प्रश्न : मर्सिडीज कधी बिघडत नाही, असं ऐकून मी १९९५ ची पुण्यात बनलेली ई-२२० घेतली. एका वर्षात वायरिंगनेच जीव घेतला. मला फसवलं गेलं का? (रामदासपेठ, नागपूर)

उत्तर : फसवलं गेलेलं नाही, पण तुम्ही एका गाडीच्या नावावर दुसरी गाडी घेतली. मर्सिडीजचं न मोडण्याचं नाव केलं ते १९७० आणि ८० च्या डिझेल गाड्यांनी. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने १९७६ ची २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ साली ती कंपनीच्या संग्रहालयात गेली. आपल्या मनात जी मर्सिडीज आहे, ती ही.

१९९५ साली पुण्यात टेल्कोच्या आवारात जी ई-२२० जुळवायला लागले, तिचं शरीर आणि यंत्र अतिशय चांगलं. पण साधारण १९९२ ते ९५ च्या काळात मर्सिडीजच्या काही पेट्रोल इंजिनांच्या वायरिंगवर पर्यावरणाला सोयीचं म्हणून असं आवरण घातलं गेलं, जे उष्णतेने कडक होऊन भुग्यासारखं गळतं. आत तांबं उघडं, एकमेकांना टेकलं, की इंजिन कधी झटके देतं, कधी चेतावणीचे दिवे लागतात, आणि मेकॅनिक एकेक सेन्सर बदलत बसतो. तुमच्या गाडीचं इंजिन-वायरिंग एखाद्या जाड जागी वाकवून बघा. कुरकुरीत आवाज आला, तर पूर्ण हार्नेस नवा घाला आणि बाकी काही बदलू नका. नंतर ती गाडी तुमच्या मुलाला वापरता येईल.

उलटी गोष्टही सांगतो. १९८५ साली आपल्याकडे स्टँडर्ड २००० आली. वरून इंग्लंडच्या रोव्हर एसडी-१ चं देखणं शरीर, आत मात्र स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या काळातलं दोन लिटरचं जुनं इंजिन. लोकांनी रोव्हरचं नाव बघून घेतली, आणि चार वर्षांत कारखान्याने ती बनवणं थांबवलं. ज्यांच्याकडे ती आहे त्यांना मी एवढंच म्हणतो, की ते इंजिन ट्रॅक्टरसारखं टिकाऊ आहे. रोव्हरसारखं पळायला त्याला सांगू नका.

प्रश्न : वडील त्यांची प्लायमाउथ १९७४ साली पेट्रोल महागलं म्हणून डिझेल इंजिन घालून वापरत होते. आता ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल का? (वर्धा)

उत्तर : नाही, सध्याच्या अवस्थेत नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. नूतनीकरण ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला लावता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीला नेणं एवढंच.

तुमच्या वडिलांसारखं विदर्भात शेकडो लोकांनी केलं होतं. तेलाच्या संकटानंतर मोठमोठ्या अमेरिकन गाड्यांच्या पोटात पर्किन्सचं नाहीतर मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं जाई, नाहीतर गाडी भंगारात जाई. त्यामुळे ती वाचली, हे विसरू नका. मूळ प्लायमाउथचं सहा सिलिंडरांचं इंजिन साधं आणि शोधता येण्याजोगं आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्यांची जुळणी होत असे, तेव्हा भारतात सुटे भाग बरेच फिरले. मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार, नागपुरात मोमिनपुरा इथे चौकशी करा. सापडलेल्या इंजिनाचा नंबर आणि कागद आधी बघा, मग पैसे द्या. काढलेलं डिझेल इंजिन आणि त्याची जुनी पावती फेकू नका. तोही या गाडीचा इतिहास आहे.

एक विनंती. गाडीचं काय झालं, हे गाडीपेक्षा तिच्या ड्रायव्हरच्या वहीत जास्त असतं. कुठे पंक्चर झाली, कधी रिंगा बदलल्या, कामठी रस्त्यावर कुठे उभी राहिली. घरात मध्य प्रांताच्या काळातल्या अशा वह्या, वर्कशॉपची बिलं किंवा तेलाचा हिशेब सापडला, तर रद्दीत घालण्याआधी मला एकदा दाखवा. मूळ वही पाठवू नका, पानांचे फोटो पुरतील. आणि पत्र लिहिताना गाडीचा चेसिस नंबर व इंजिन नंबर दोन्ही लिहा. ‘आजोबांची मोठी काळी गाडी’ एवढ्यावर उत्तर देता येत नाही.